येताना हळू

१

तिशी उलटल्यावर माणूस नवीन काय शिकतो? फार तर चष्मा सांभाळायला. मी मोटारसायकल शिकलो.

वरकुट्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक डॉक्टर म्हणायचे आणि मी ते खोडून काढत नसे. सकाळी दवाखाना, दुपारनंतर वाड्यावस्त्या. कुठं गाय अडलेली, कुठं म्हशीचं पोट फुगलेलं, आणि मी सायकलवर. निरोप आला की जिवाच्या आकांतानं पायडल मारत निघायचो. पोचेपर्यंत म्हैस एकतर आपोआप बरी झालेली असायची, नाहीतर कायमची सुटलेली असायची.

शेवटी रश्मी, माझी बायको, एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "घ्या की एखादी जुनी गाडी." त्या वर्षात तिनं आपणहून काढलेला तो पहिलाच विषय होता. म्हणून मी फार विचार न करता होय म्हणालो.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. गाडी शोधली ती आमच्या दवाखान्यातल्या परिचरानं, दत्तोबानं. त्याचं मूळ गाव नरसिंहपूरकडचं. "शंभर सीसीची हाय डॉक्टर, लाल. सोनबा म्हणून हायेत आमच्याकडं. साखरंनं त्यांची नजर गेली, म्हणून काढत्यात. लेकरागत जपलीया गाडी."

सोनबांची वस्ती नरसिंहपूरच्या अलीकडं, उसाच्या फडात. एकेकाळी मेंढरं राखणारं घर. आता मेंढरं नव्हती, पण ओसरीच्या भिंतीला लोकर कातायची चाती अजून टांगलेली होती. गाडी गोठ्यात होती, गाईच्या शेजारी, पोत्याखाली. सोनबांनी पोतं काढलं आणि पेट्रोलच्या टाकीवरून तळहात फिरवला. त्यांना दिसत नव्हतं, पण हात बरोबर जागी गेला.

जुनी गाडी घेताना काय काय बघायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी जनावर बघतो तशी बघितली. सगळीकडून एक चक्कर मारली, टायर दाबून पाहिलं. सीटच्या पुढच्या टोकाला, टाकीला लागून, काळ्या लोकरीचा चार बोटं रुंद पट्टा गुंडाळलेला होता, घरीच विणलेला. खाली सीट फाटलं असेल, म्हणून झाकलंय, असं मी समजलो. झाकलेलं उकलून बघायचं असतं हे नव्या माणसाला सुचत नाही. शिवाय म्हाताऱ्यासमोर ते बरं दिसलं नसतं.

व्यवहार झाला. दत्तोबानं किक मारली, मी मागं बसायला निघालो, तेवढ्यात दारातून सोनबांची बायको, तुळसाबाई, म्हणाली, "अवं, दावं काढून घेतलं का?"

आमच्या भागात गाय विकली तरी तिच्या गळ्यातलं दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, विकणाऱ्यानं आपलं सोडून ठेवायचं. दाव्याबरोबर घरचं बरंच काही जातं म्हणतात. माझा धंदाच गुरांचा, मी हे शेकडो वेळा पाहिलेलं.

"गाडीला कसलं दावं आलंय?" सोनबा म्हणाले. "गाय हाय का ती?"

दत्तोबा हसला, मीही हसलो. तुळसाबाई हसली नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती, टाकीकडे बघत होती.

निघताना सोनबांनी माझा खांदा चाचपून धरला. "डॉक्टर, जाताना कशीबी हाणा. येताना हळू."

शिकाऊ माणसाला सगळेच असं सांगतात. मी मान डोलावली.

२

दत्तोबानं मला शाळेच्या मैदानावर शिकवलं. त्याची शिकवण्याची रीत म्हणजे ओरडणं. दवाखान्यात तो मला मान देई, मैदानावर मी त्याचं खोंड होतो.

"पुढं सरका डॉक्टर! टाकीला गुडघं लावा!"

मी पुढे सरकायचो. मैदानाला एक वळसा घालून आलो की पुन्हा सीटच्या मागच्या टोकाला असायचो, हात लांब ताणलेले, कोपरं बाहेर काढलेली. आपण कधी मागे सरकलो ते मला कळायचं नाही.

"सीटाला काय उतार हाय व्हय? पुढं एवढी जागा कुणाला सोडलीया?"

"अरे, मला असंच बरं पडतंय."

खरंच तसंच बरं पडत होतं. ज्यानं जन्मात एकच गाडी चालवली, त्याला सगळ्या गाड्या तशाच असतात असं वाटणार. मला वाटायचं, टाकी आणि माणूस यांच्यामध्ये वीतभर अंतर ठेवायचंच असतं. मला वाटायचं, लोकरीच्या पट्ट्यापाशी ऊब असते ती इंजिनाची. थंडीच्या सकाळी किक मारायच्या आधीही असते, याचा विचार मी केला नाही.

रश्मी मैदानाच्या कडेला कधी आली नाही. ती घराबाहेर पडतच नव्हती, आणि त्याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आदल्या वर्षी आम्हाला मुलगी झाली होती, बारामतीला. दिवस भरले नव्हते. दिवस मावळायच्या आत ती गेली. तिचं नावही ठेवलं नव्हतं. रश्मी खाटेवर पडून होती. एवढ्या लहान जिवाला नेताना आईला सोबत नेत नाहीत. मी आणि माझा भाऊ तिला फडक्यात गुंडाळून कोऱ्हाळ्याला आमच्या शेतावर घेऊन गेलो. रश्मीनं कुठं ठेवली ते विचारलं नाही. तिनं विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

पुढे कितीतरी दिवस तिला दूध येत राहिलं. तिनं बाळंतपणाआधी शिवलेलं एक दुपटं होतं, जुन्या लुगड्याचं मऊ. ते तिनं ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. मग ती गप्प झाली. भांडली नाही, रडली नाही. भाकरी करायची, कपडे धुवायची, बुद्धवंदना झाली की फोटोपुढची मेणबत्ती विझवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी रोज घरी यायचो ते एकच मागणं मनात घेऊन, की आज ही काहीतरी बोलू दे.

३

हात बसला. मागच्या पाटीवर लाल रंगानं एल लिहून मी कामाला लागलो.

जाताना गाडी छान पळायची. येताना मात्र काय व्हायचं कोण जाणे. दिवस कलला, घराकडे तोंड झालं, की माझी मूठ आपोआप सैल पडायची. खड्डा दिसला की मी जवळजवळ थांबायचो आणि चाक अलगद खाली उतरवायचो. उसाच्या बैलगाड्या मला मागे टाकून जायच्या. गाडीवान वरून ओरडायचे, "डॉक्टर, ढकलू का?" वस्तीवरच्या बायकांनी माझ्या गाडीला नवरदेवाची वरात असं नाव ठेवलं.

शिकाऊ आहे, जपून चालवतोय, असं मी स्वतःला सांगितलं. मग सकाळी का नाही जपत? पण उत्तर नसलेले प्रश्न बाजूला ठेवायची सवय सरकारी नोकरीत चांगली लागते.

लस आणायला इंदापूरला गेलो की मी नाक्यावरच्या रसवंतीत थांबायचो. पहिल्याच वेळी रसवाल्यानं माझ्यासमोर एक भरलेला ग्लास ठेवला आणि त्याच्या शेजारी एक अर्धा.

"मी एकटाच आहे," मी म्हणालो.

त्यानं बाहेर गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सोनबांची गाडी न्हवं? हात सवयीनं गेला बगा." अर्धा ग्लास त्यानं उचलला नाही. मी निघेपर्यंत तो तसाच होता.

आणि मग शर्ट. येताना माझ्या छातीवर, बरगड्या संपतात तिथं, एक ओलसर डाग पडायचा. नाण्याएवढा, जरा चिकट. मला घाम वाटला. पण घाम पाठीला येतो, काखेत येतो, त्या एकाच जागी कसा येईल? थंडीचे दिवस होते. मी शर्ट काढून खुंटीला टांगायचो आणि विसरून जायचो.

कपडे रश्मी धुवायची. एका सकाळी मी दात घासत होतो आणि ती धुणं घेऊन बसली होती. तिनं माझा शर्ट उचलला. डागाची जागा तिनं बोटांनी चाचपली, नाकाशी नेली. मग तो शर्ट न धुता घडी करून बाजूला ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय," ती म्हणाली. "येताना हळू येत जावा."

हे शब्द सोनबांचे होते. मी ते तिला कधी सांगितले नव्हते.

४

लीलाबाईंच्या वस्तीवर एक गाय होती. तिचं वासरू चार दिवसांचं होऊन मेलं आणि गाईनं पान्हा बंद केला. घरात ती एकच दुभती. लीलाबाई विधवा, त्यांचं सगळं त्या दुधावर. अशा वेळी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरतात आणि ते गाईपुढे उभं करतात. गाय त्याला चाटते आणि दूध सोडते. सगळ्या गाई फसत नाहीत. ही फसली नव्हती. तिनं एकदा हुंगलं आणि मान फिरवली.

मी इंजेक्शन द्यायला गेलो होतो. गाडी गोठ्याच्या तोंडाशी लावली, पेटी उघडली. मागून गाईचा आवाज आला. हंबरणं नव्हे. तान्ह्या वासराशी बोलताना गाय घशातल्या घशात काढते तो बारीक आवाज. मी वळून पाहिलं. दावं ताणून तिनं मान पुढे काढली होती आणि ती गाडीची टाकी चाटत होती. सीटला लागून, लोकरीच्या पट्ट्याच्या वर. खालून वर, खालून वर, नुकतं जन्मलेलं वासरू चाटतात तशी. तिच्या सडांतून दूध ठिबकत होतं.

लीलाबाई लगेच पुढे आल्या. चरवी घेतली आणि धारेला बसल्या. दूध काढताना त्यांचे डोळे मिटलेले होते.

"टाकीवर मीठ-बीठ सांडलंय का वो?" नंतर त्यांनी हळूच विचारलं.

"हाताचा घाम असतो. त्यात मीठ असतंच," मी म्हणालो. "आणि ती लोकर. मेंढीचा वास येतो जनावराला."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण मिठासाठी गाय पान्हा सोडत नाही, हे मला शिकवलेलं होतं, आणि त्याच शिकवणीचा मी पगार घेत होतो. न वापरलेलं इंजेक्शन मी पेटीत ठेवलं.

येताना मी नेहमीपेक्षाही हळू आलो. टाकीवर गाईच्या जिभेचा ओला पट्टा होता. एका जागी तो तुटत होता, जसं काही मध्ये आड आल्यामुळे जीभ तिथं पोचलीच नव्हती. मी पुन्हा तिकडे पाहिलं नाही.

५

रश्मी संध्याकाळी पायरीवर येऊन बसू लागली.

आधी मला वाटलं, मला बघायला. लग्नाला सहा-सात वर्षं झालेला नवरा असल्या गैरसमजात किती दिवस राहणार? गाडीचा आवाज आला की ती आतून यायची. तिच्या हातात वाटी असायची, साखर घातलेलं कोमट दूध. वाटी ती पायरीवर, गाडीच्या पुढच्या चाकापाशी ठेवायची. मग ओलं फडकं घेऊन टाकी पुसायची, सावकाश, तोंड पुसावं तशी. पुसताना ती गुणगुणायची.

"दूध कुणाला?" मी एकदा विचारलं.

"मांजर येतं," ती म्हणाली.

आमच्या दारात मी कधी मांजर पाहिलं नव्हतं.

ती बोलू लागली. शेजारच्या बाईकडे जाऊन लोणच्याची कैरी घेऊन आली. माझ्या वरातीच्या गाडीवर तिनंही एक चिमटा काढला. एकदा तर ती खळखळून हसली, काय झालं होतं ते मला आठवत नाही, पण त्या हसण्यानं मी आत मोरीत जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला सांगू? मला भीती वाटत होती आणि मला बरं वाटत होतं, दोन्ही एकदमच. पेंढ्याचं वासरू दाखवून मी लोकांच्या गाईंचा पान्हा काढायचो. आता माझ्या दारात काय उभं होतं ते मला माहीत नव्हतं, आणि ते जाऊ नये असं वाटत होतं.

एका रविवारी मी सीट शिवून घ्यायचं ठरवलं आणि पट्टा उकलला.

खाली सीट फाटलेलं नव्हतं. साधा चराही नव्हता.

पट्टा बराच लांब निघाला. एका टोकाला गाठ मारून मारून लोकर गुळगुळीत झाली होती. मी उगाच तो माझ्या कमरेभोवती घेतला आणि झिजलेल्या जागेवर गाठ मारली. माझ्या पोटापुढे तो सैल राहिला. मी त्या सैल जागेत हात घातला. माझी कंबर सोडून आणखी एक लहान कंबर त्यात मावली असती, चार-पाच वर्षांच्या पोराची.

"ते परत बांधा," दारातून रश्मी म्हणाली. तिचा आवाज घाबरलेला होता. "असं सोडत जाऊ नका. पडायची एखाद्या दिवशी."

"कोण पडायची?"

ती आत निघून गेली. मी पट्टा होता तसा गुंडाळला. माझी बोटं त्या सैल जागेत फार वेळ राहिली होती. ती दिवसभर उबदार होती.

६

लाळ-खुरकताच्या लसीकरणाला त्या उन्हाळ्यात तालुक्यातले सगळे कर्मचारी फिरवले. मला नरसिंहपूरची बाजू मिळाली. सोनबांच्या वस्तीवर गाय होती, तेव्हा जाणं चुकलं नाही.

मला त्या घरात काय विचारायचं होतं ते मी वाटेत मनात जुळवलं होतं. अपघात झाला असेल, असं मला वाटत होतं. गाडीवर कुठंतरी ठोकल्याची खूण असेल म्हणून मी ती आडवी पाडूनही तपासली होती. एकही खूण नव्हती.

सोनबा ओसरीत बाजेवर होते. गाडीच्या आवाजानं ते उठून बसले आणि त्यांचं तोंड टाकीच्या उंचीवर वळलं. तुळसाबाई बाहेर आली. चार महिन्यांत ती निम्मी झाली होती. मला काही विचारावं लागलं नाही. तिनं पट्ट्याकडे पाहिलं आणि पायरीवर बसली.

"तिसरीबी पोरगीच झाली," ती म्हणाली, "म्हणून सासूबाईंनी नाव ठिवलं नकोशी. फुडं तरी पोरगा व्हावा म्हणून. पोरगा काय झाला न्हाय. आन ह्यांना त्या पोरीबिगर घास उतरंना. जातील तितं ती टाकीवर. इंदापूरला गेलं की तिला रस पायजे. येताना पेंगायची. पडंल म्हणून मीच हा पट्टा इणला, आमच्या शेवटच्या मेंढरांच्या लोकरीचा. ह्यांच्या कमरंला बांधायला."

ती थांबली.

"ताप आला. इंदापूरला नेली, औषधपाणी झालं. येताना ह्यांच्या छातीवर डोकं टेकून झोपली. झोपमोड नको म्हणून ह्यांनी गाडी हळूहळू आणली. समद्या वाटंनं हळू. दारात आल्यावर मी पट्टा सोडला, तर..." तिनं दोन्ही हात पुढे केले, ओंजळीसारखे, आणि तसेच ठेवले. "गार व्हती. कुठं गेली, कवा गेली, ह्यांना कळलंच न्हाय."

गाईनं शेपूट आपटलं. मी पेटी हातात धरून उभा होतो.

"गाडी हितं व्हती तवर सांजंला चुलीपाशी यायची, दादा. दिसायची न्हाय, पर कळायचं. भाकरीचा पापुद्रा काढून ठिवायची मी. गाडी गेली आन चूल सुनी झाली. मुकं जनावर इकलं तरी मानूस दावं ठिवतो. आमी लेकीचं दावं देऊन बसलो."

"मी जाणून ठिवला पट्टा," सोनबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तिला फिरायची हौस! हितं आंधळ्याजवळ बसून काय करंल ती? चाकं फिरली तर तिला बरं वाटंल."

"तुमाला बरं वाटंल," तुळसाबाई म्हणाली. "माजं काय?"

ती माझ्याकडे वळली. तिनं हट्ट केला नाही. पदर हातात धरून नुसती उभी राहिली. पट्टा आता सीटला चिकटलाय, निघत नाही, असं मी म्हणू शकलो असतो. तिनं मानलंही असतं. माझ्या डोळ्यांपुढे आमची पायरी होती, वाटी होती, हसणारी रश्मी होती. मी हे सोडून दिलं तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपेल, हे मला ठाऊक होतं. पण लीलाबाईंची गाय चाटत होती ते वासरू तिचं नव्हतं. त्याची आई इथं उभी होती.

मी पट्टा उकलायला घेतला. गाडी कधीची सावलीत होती, तरी लोकर आतून गरम लागली. गाठ निघेना, मग एकदम निघाली, आतून कुणीतरी मदत करावी तशी.

सोनबांनी हवेत चाचपत माझं मनगट धरलं. "डॉक्टर, येताना झोपती का वो?"

"व्हय आबा," मी म्हणालो. "माझ्या छातीवर डोकं टेकून."

त्यांनी हात सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं.

फडाच्या वळणावर मी एकदाच मागे पाहिलं. तुळसाबाई पट्टा छातीशी धरून चुलीकडे चालली होती. तिच्या लुगड्याचा पदर एका बाजूला खाली ताणलेला होता, वाऱ्यानं उडतो तसा नाही, सरळ खाली. बाभळीच्या काट्यात अडकला असेल. पण ती चालत होती आणि पदर तिच्याबरोबर चालत होता. आणि ती लहान लहान पावलं टाकत होती, सोबतीला पोर असलं की बाई टाकते तशी.

७

परत येताना माझे गुडघे टाकीला लागले. दत्तोबानं पाहिलं असतं तर खूश झाला असता. पुढे कुणासाठी जागा सोडायची नव्हती. मूठ सैल पडली नाही. बैलगाड्या मागे पडल्या, आणि त्यांच्यातल्या एकानं आश्चर्यानं शीळ घातली. वारा सरळ छातीवर लागत होता. उन्हाळा होता, तरी एवढी थंड हवा मी त्या गाडीवर कधी अनुभवली नव्हती. मी सगळ्या वाटेनं रडत आलो.

अजून ऊन होतं. रश्मी पायरीवर होती, हातात वाटी. मी गाडी लावली. तिनं टाकीकडे पाहिलं, मग माझ्या शर्टाकडे. शर्ट कोरडा होता.

"कुठं उतरवली?" तिनं विचारलं.

मी काही बहाणा केला नाही. "तिच्या आईकडं."

ती वाटीतल्या दुधाकडे बघत राहिली. त्यावर साय धरत होती.

"बरं केलं," शेवटी ती म्हणाली. "वाट बघत असंल बिचारी."

मला वाटलं, आता ती उठेल, आत जाईल आणि भिंतीकडे तोंड करेल. ती उठली नाही. वाटी खाली ठेवली.

"आन आपली?" ती म्हणाली. "आपली कुठं ठेवलीत तुमी?"

एवढ्या दिवसांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. कोऱ्हाळ्याला, आपल्या शेताच्या वरच्या बांधावर, लिंबाच्या झाडाखाली. उन्हं लागत नाहीत तिथं. दगड ठेवलाय वर. सांगता सांगता माझा आवाज गेला, आणि तिचा फुटला. ती इतक्या मोठ्यानं रडली की शेजारची बाई धावत आली. मी तिला हातानंच परत पाठवलं.

सकाळी रश्मी तयार होऊन बाहेर आली. ट्रंकेतलं दुपटं तिच्या हातात होतं.

"गाडी काढा," ती म्हणाली.

कोऱ्हाळं लांब होतं, बारामतीच्याही पलीकडं. एवढ्या लांबचा पल्ला मी कधी मारला नव्हता. ती मागे बसली. बांधावर पोचल्यावर मी नुसतं बोट दाखवलं आणि दूर जाऊन पाटाच्या कडेला बसलो. तिनं दगडाशेजारी दुपटं पसरलं आणि तिथं मांडी घालून बसली. ती काहीतरी सांगत होती. मला शब्द ऐकू येत नव्हते आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. फक्त ते गुणगुणणं मला ओळखू आलं.

दिवस कलल्यावर ती आली. दुपट्याची घडी तिनं टाकीवर ठेवली, माझ्या पुढ्यात, आणि त्याची दोन्ही टोकं सीटच्या कडेला नीट खोचली. ओढून बघितली. मग माझ्या मागे बसून खांद्यावर हात ठेवला.

मी किक मारली आणि सीटवर मागे सरकून बसलो. वीतभर जागा सोडली.

येताना मी गाडी हळू चालवली.